पर्ल खिंडीची वाट

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वताच्या ज्या अनेक पोटरांगा आहेत त्यांपैकी एक एल्क पर्वताची. तिच्या धारेवर ३,८७२ मीटर उंचीवर पर्ल पास ही खिंड आहे. खिंडीच्या दक्षिणेला क्रेस्टेड ब्यूट, उत्तरेला अ‍ॅस्पेन. दोन्ही गावे मुळात खाणींची. त्यांच्यातले सरळ अंतर चाळीस किलोमीटरही भरत नाही, पण मधे ही रांग आडवी पडली आहे. मोटारीने नेहमीच्या रस्त्याने जायचे तर दीडशे किलोमीटरांहून मोठा वळसा पडतो, आणि हिवाळ्यात उंचावरचे रस्ते बर्फाने बंद झाले की तोच वळसा तीनशे किलोमीटरांच्या घरात जातो. खिंडीवरून जाणारी कच्ची वाट साधारण साठ किलोमीटरांची आहे. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. इथे चढाला जिथून सुरुवात होते ते क्रेस्टेड ब्यूट गावच २,७०८ मीटरांवर वसलेले आहे.

मराठीत खिंड आणि घाट हे दोन वेगळे शब्द आहेत. खिंड म्हणजे डोंगराच्या धारेतली खाच, घाट म्हणजे ती खाच गाठून पलीकडे उतरणारी वाट. पर्ल पास या एका नावात दोन्ही सामावलेले आहेत. खिंड निसर्गाची, तिला इतिहास असा फारसा नाही. घाटाला मात्र आहे, आणि तो एकाच वेळी चांदीचा, कोळशाचा आणि सायकलीचा आहे.

खाणवाले येण्यापूर्वी या दऱ्या यूट या मूळ रहिवाशांच्या होत्या. उन्हाळ्यात बर्फ वितळले की हरणे आणि एल्क वरच्या कुरणांकडे सरकत आणि त्यांच्या मागोमाग शिकारी टोळ्या. ओढ्याच्या काठाने वर जाऊन धार ओलांडायची आणि पलीकडच्या ओढ्याने उतरायचे, ही पद्धत त्यांचीच, आणि पुढच्या बहुतेक वाटांनी तीच उचलली. १८७३-७४ मध्ये फर्डिनंड हेडन यांच्या सर्वेक्षण तुकडीने एल्क रांगेचे नकाशे केले. नकाशे आले की मागून कुदळ येते, आणि इथे ती फार लवकर आली. १८७९ मध्ये यूट आणि सरकारी फौजा यांच्यात संघर्ष झाला, आणि १८८१ मध्ये पश्चिम कोलोरॅडोतल्या यूट टोळ्यांना युटाकडे हाकलण्यात आले. ज्या अ‍ॅस्पेन गावी ही वाट उतरते त्याच्या परगण्याचे नाव पिटकिन. यूटांना घालवून देण्याचा जोरदार पाठपुरावा करणारे तेव्हाचे गव्हर्नर फ्रेडरिक पिटकिन यांचे ते नाव आहे. या वाटेचा इतिहास सांगताना चांदीपासून सुरुवात करण्याची सवय आहे. ती चुकीची आहे. चांदीच्या आधीची माणसे इथून घालवली गेली, म्हणून ती सुरुवात सोपी वाटते.

खिंडीच्या उत्तरेला, कॅसल क्रीकच्या वरच्या अंगाला, १८८० मध्ये अ‍ॅशक्रॉफ्ट नावाची वसाहत उभी राहिली. चांदी सापडल्याची बातमी पसरताच तंबूंच्या जागी लाकडी घरे आली, आणि १८८३ च्या सुमारास तिथे दोन हजारांची वस्ती, दोन वर्तमानपत्रे, एक शाळा आणि वीसेक दारूची दुकाने होती. काही काळ शेजारच्या अ‍ॅस्पेनपेक्षा अ‍ॅशक्रॉफ्टच मोठे होते. अडचण होती ती पोचण्याची. पूर्वेकडून येणारी टेलर खिंड ३,६०० मीटरांहून उंच. हेन्री कोवनहोवन हे दुकानदार १८८० मध्ये बायको, मुलगी आणि डी. आर. सी. ब्राउन हा तरुण कारकून यांना घेऊन मालाने भरलेल्या गाड्यांसह त्या खिंडीतून उतरले. रस्ता असा नव्हताच. कड्यांवर गाड्यांचे सांधे सोडवायचे, चाके आणि साटा दोरांनी खाली सोडायचा, खाली पुन्हा गाडी जोडायची, असे करत शेवटचे काही मैल कापायला त्यांना दोन आठवडे लागले. पुढे हेच कुटुंब अ‍ॅस्पेनच्या बड्या धनिकांत गणले गेले, म्हणून त्यांची हकीकत टिकली. अशाच रीतीने आलेल्या शेकडो इतरांची टिकली नाही.

एवढ्या कष्टाने गाव वसवता येते, पण धातूचा व्यापार चालवता येत नाही. चांदीचे खनिज म्हणजे मुख्यतः दगड. तो टनावारी भट्टीपर्यंत न्यावा लागतो, आणि वाहतूक महाग पडली तर चांगली खाणही तोट्यात जाते. १८८१ च्या अखेरीस डेन्व्हर अँड रिओ ग्रांडे कंपनीची अरुंद मापाची रेल्वे क्रेस्टेड ब्यूटला पोचली. तिथून लोहमार्ग गनिसन, मार्शल खिंड आणि सॅलाइडा करत पुएब्लोच्या भट्ट्यांपर्यंत जात होता. अ‍ॅशक्रॉफ्टच्या खाणमालकांना सर्वांत जवळचे स्टेशन आता एका डोंगराच्या पलीकडे होते. तो डोंगर ओलांडण्यासाठी १८८२ मध्ये पर्ल पासचा रस्ता काढला गेला.

हा रस्ता पक्का कधीच नव्हता. दक्षिणेकडून ब्रश क्रीकच्या दरीने तो वर चढे, ओढा पुन्हा पुन्हा ओलांडी, वृक्षरेषेच्या वर कंबरलँड बेसिन या उघड्या खोलगटात येई आणि शेवटी दगडांच्या ढासळीतून खिंडीवर पोचे. पलीकडचा उतार त्याहून उभा. खेचरांचे तांडे आणि मालाच्या गाड्या खनिज घेऊन दक्षिणेकडे उतरत आणि परतीला पीठ, अवजारे, खाणीची यंत्रे आणि क्रेस्टेड ब्यूटच्या कोळशापासून केलेला कोक घेऊन येत. पाठीवर ओझे लादलेल्या खेचराला जेवढी रुंदी पुरते तेवढी वाट बऱ्याच ठिकाणी होती. गाडीसाठी ती जेमतेमच. ऑक्टोबरात बर्फ पडायला लागे आणि खिंड मोकळी व्हायला जुलै उजाडे. वर्षाचे बारा महिने चांदी काढायची आणि तीन महिने ती हलवायची, असा तो हिशेब होता, आणि असा हिशेब फार दिवस चालत नाही.

तो पाच वर्षे चालला. १८८७ मध्ये रिओ ग्रांडेचीच दुसरी शाखा ग्लेनवुड स्प्रिंग्जच्या बाजूने, नदीच्या काठाने, थेट अ‍ॅस्पेनमध्ये शिरली, आणि लगोलग कोलोरॅडो मिडलँड ही प्रतिस्पर्धी कंपनीही पोचली. उत्तरेचे खनिज आता उताराने वाहत जाऊ लागले. कोणीही ते ३,८७२ मीटरांवर चढवायला तयार नव्हते. अ‍ॅशक्रॉफ्टचे भविष्य तर त्याच्याही आधी संपले होते. तिथली शिरा वरवरची निघाली, आणि १८८५ पर्यंत उन्हाळ्यात राहणारी माणसे शंभरावर आली. अ‍ॅस्पेनची भरभराट आणखी काही वर्षे टिकली. खाणमालक जेरोम व्हीलर यांनी बांधलेले हॉटेल जेरोम १८८९ मध्ये उघडले, आणि या गावाची गणना देशातल्या सर्वांत मोठ्या चांदी-उत्पादकांत होऊ लागली. मग १८९३ मध्ये सरकारने चांदी विकत घेण्याचा कायदा रद्द केला, भाव कोसळला आणि खाणी ओस पडल्या. १९३० च्या जनगणनेत अ‍ॅस्पेनमध्ये जेमतेम सातशे माणसे होती.

पर्ल पासच्या बाबतीत सर्वांत निर्णायक गोष्ट कोणती, असे विचारले तर ती १८८२ ची नव्हे, १८८७ ची आहे. रस्ता ऐन उमेदीत निरुपयोगी ठरला, म्हणून त्याच्यावर कोणी पुन्हा पैसा घातला नाही. त्याला डांबर लागले नाही, वळणे रुंद झाली नाहीत, पूल आले नाहीत. शेजारची इंडिपेन्डन्स खिंड हाही १८८१ चा खाणरस्ताच, पण तो पुढे राज्य महामार्ग झाला आणि आज तिथे मोटारींची रांग लागते. पर्ल पास मात्र दगडमातीचाच राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या जीप स्वस्तात मिळू लागल्या तेव्हा कोलोरॅडोतले असे कितीतरी सोडून दिलेले खाणरस्ते हौशी चालकांनी पुन्हा शोधून काढले. पर्ल पासही त्या यादीत आला. जीपनेच ही वाट झुडपांत हरवू दिली नाही, हे सायकलवाल्यांनीही मान्य करायला हवे.

क्रेस्टेड ब्यूट चांदीबरोबर बुडाले नाही, कारण त्याच्या पोटात कोळसा होता. तो त्याने महागात विकत घेतला. २४ जानेवारी १८८४ रोजी गावाजवळच्या जोकरव्हिल खाणीत वायूचा स्फोट होऊन साठच्या आसपास कामगार मेले. कोलोरॅडो फ्यूएल अँड आयर्न कंपनीची ‘बिग माइन’ १८९४ मध्ये सुरू झाली आणि क्रोएशिया, स्लोव्हेनिया, इटली इथून आलेल्या कुटुंबांनी गाव भरले. १९५२ मध्ये ती खाण बंद झाली. दोन-तीन वर्षांत रेल्वेचे रूळही उचलले गेले. उरली ती लाकडी घरे, खड्ड्यांचे रस्ते आणि म्हातारी माणसे. साठच्या दशकाच्या आरंभी शेजारच्या डोंगरावर स्कीइंगचे केंद्र निघाले आणि त्याच्यामागून स्वस्त घरे शोधणारी तरुण मंडळी आली. हॉटेलात, स्कीच्या उतारांवर, वणवा विझवणाऱ्या तुकड्यांत हंगामी कामे करायची आणि उरलेला वेळ डोंगरात घालवायचा, अशी ही पिढी होती.

गावातले रस्ते तेव्हा मातीचे होते आणि अंतरे इतकी छोटी की मोटार काढणे वेडेपणाचे. म्हणून प्रत्येकाकडे एक जुनी सायकल असे. तीस-चाळीसच्या दशकांत श्विन आणि इतर कारखान्यांनी पेपर टाकणाऱ्या पोरांसाठी केलेल्या या सायकली. श्विनने १९३३ मध्ये आणलेला सव्वादोन इंचांच्या आसपासचा जाड फुगीर टायर हे त्यांचे वैशिष्ट्य. फ्रेम जड, गिअर एकच, आणि ब्रेक म्हणजे मागच्या चाकाच्या हबमधला, पेडल उलटे दाबले की लागणारा. वजन वीस किलोच्या वर. भारतातल्या दूधवाल्याच्या सायकलीत आणि तिच्यात बांध्याचे पुष्कळ साम्य आहे: मोडत नाही, आणि मोडली तर कुठेही जोडता येते. क्रेस्टेड ब्यूटमध्ये तिला ‘क्लंकर’ म्हणत, म्हणजे खडखडाट करणारी. भंगारात गेलेली वस्तू प्रेमाने वापरायला लागले की अशी नावे पडतात.

१९७६ च्या उन्हाळ्याच्या शेवटी अ‍ॅस्पेनहून काही मोटारसायकलवाले पर्ल पास ओलांडून क्रेस्टेड ब्यूटला आले. त्यांनी आपल्या गाड्या ग्रबस्टेक सलूनसमोर ओळीने लावल्या आणि आत जाऊन पराक्रम ऐकवला, अशी हकीकत गावात सांगितली जाते. ग्रबस्टेक हा खाणकामगारांचा शब्द आहे: खनिज शोधायला निघालेल्याला कोणीतरी शिधा द्यायचा आणि सापडलेल्यात वाटा घ्यायचा, तो शिधा. त्या सलूनमध्ये वणवा विझवणाऱ्या तुकडीतल्या तरुणांची ऊठबस असे. मोटारसायकलने खिंड ओलांडण्यात काय मोठे, आम्ही क्लंकरवरून जाऊन दाखवतो, असे ठरले. सप्टेंबरात पंधरा-एक जण निघाले. बरोबर जीप होत्या, त्यांत अंथरुणे, जेवण आणि पुरेशी बिअर. रात्र कंबरलँड बेसिनमध्ये शेकोटीजवळ काढली. दुसऱ्या दिवशी खिंड गाठली आणि मग उताराला सायकली सोडल्या. एका गिअरच्या वीस किलोच्या सायकलीवर बसून तो चढ चढणे शक्यच नव्हते; चढाचा मोठा भाग सायकल ढकलत किंवा जीपमध्ये टाकून पार झाला. अ‍ॅस्पेनमध्ये ते थांबले हॉटेल जेरोमच्या बारमध्ये. चांदीच्या पैशाने बांधलेल्या हॉटेलात, चांदीसाठी काढलेल्या रस्त्याने, धुळीने माखलेली ही माणसे शिरली तेव्हा त्यांच्या मनात इतिहास मुळीच नव्हता. पुढच्या वर्षी त्यांनी सफर काढलीही नाही.

त्याच शरद ऋतूत, २१ ऑक्टोबर १९७६ रोजी, हजाराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला, कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यात फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरउतारावर एक शर्यत झाली. त्या कच्च्या रस्त्याला ‘रीपॅक’ म्हणत. तीन-सव्वातीन किलोमीटरांत तो सुमारे चारशे मीटर उतरतो. खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधला ब्रेक एवढा तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे, म्हणून हे नाव. इथली मंडळी रस्त्यावरच्या शर्यतींत मुरलेली होती आणि यंत्रात त्यांचा हात चाले. १९७४ मध्ये कुपर्टिनोकडच्या काही तरुणांच्या जाड टायरच्या सायकलींवर गिअर बदलणारे डिरेलर त्यांनी पाहिले होते. गॅरी फिशर यांनी जुन्या श्विनच्या फ्रेमवर गिअर आणि ड्रम ब्रेक बसवले. जो ब्रीझ यांनी आणखी पुढे जाऊन १९७७ मध्ये क्रोमोली पोलादाच्या नळ्यांची नवी फ्रेमच घडवली. डोंगरातल्या सायकलीसाठी मुद्दाम केलेल्या पहिल्या फ्रेमपैकी ती एक, आणि आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

क्रेस्टेड ब्यूटमध्येही जाड टायरवर डोंगर चढणारे लोक आहेत हे मरीनमध्ये कळले, आणि १९७८ च्या सप्टेंबरात फिशर, ब्रीझ, चार्ली केली, वेन्डी क्रॅग आणि मायकेल कॅस्टेली हे पाच जण कोलोरॅडोत दाखल झाले. स्थानिकांनी दुसरी सफर ठरवली नव्हतीच. पाहुणे आले म्हणून ती निघाली. डझनभर सायकली ग्रबस्टेकसमोर उभ्या राहिल्या. फरक पहिल्या चढालाच दिसला. गिअर असलेल्या सायकली चढावर चालवता येत होत्या, क्लंकर ढकलाव्या लागत होत्या. ओढ्यातून, ढासळीतून, विरळ हवेत खिंडीपर्यंत चालवत नेता येईल अशी सायकल असू शकते हे गावकऱ्यांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. उलट बाजूनेही शिकणे झाले. मरीनमध्ये सायकल जीपमधून वर नेऊन उतारावर सोडायची आणि घड्याळ लावायचे हा खेळ रुजला होता. क्रेस्टेड ब्यूटने त्यांना दोन दिवसांचा प्रवास दाखवला: जेवण बरोबर घेऊन, उघड्यावर झोपून, एका दरीतून दुसऱ्या दरीत. क्रॅग यांनी घेतलेल्या छायाचित्रांमुळे त्या काळातले चेहरे आणि सायकली आज पाहता येतात.

माउंटन बाइकचा शोध कोणी लावला, हा वाद अजून चालतो, आणि दोन्ही गावे आपापला दावा सांगतात. यंत्राचा विचार केला तर मरीनची बाजू बळकट आहे, यात शंका नाही. पण सायकल कुठे जाऊ शकते आणि कशासाठी जावी, हा विचार पर्ल पासवर तयार झाला. उताराच्या शर्यतीपुरते राहिले असते तर हे साधन कदाचित काही डोंगरांपुरतेच उरले असते. लांबच्या डोंगरी प्रवासाने त्याला सामान्य माणसाचा उपयोग मिळवून दिला.

पुढची वर्षे झपाट्याने गेली. १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी टॉम रिची यांच्याकडून फ्रेम करवून घेत ‘माउंटनबाइक्स’ नावाने धंदा सुरू केला. ते नाव आपल्यापुरते राखून ठेवण्याचा प्रयत्न फसला आणि जगाने ते सामान्यनाम म्हणून उचलले. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये करवून घेतलेली स्टम्पजंपर बाजारात आणली, आणि जी वस्तू ओळखीच्या माणसाकडून घडवून घ्यावी लागे ती दुकानात मिळू लागली. पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९९० मध्ये कोलोरॅडोतल्याच ड्युरँगो इथे झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये या खेळाला जागा मिळाली. क्रेस्टेड ब्यूटमध्ये पर्ल पासची सफर वार्षिक झाली, तिच्याभोवती १९८१ मध्ये ‘फॅट टायर बाइक वीक’ हा उत्सव उभा राहिला, आणि १९८३ मध्ये क्रेस्टेड ब्यूट माउंटन बाइक असोसिएशन स्थापन झाली. १९८८ मध्ये गावात या खेळाचे संग्रहालय आणि मानकऱ्यांचे दालन सुरू झाले. २०१४ मध्ये ते फेअरफॅक्सला हलले. तिथे भेट देणारे अधिक आहेत हे खरे. तरीही पर्ल पासच्या पायथ्याचे हे संग्रहालय जायला नको होते.

याच काळात गावावर आणखी एक प्रसंग आला होता. १९७७ मध्ये अमॅक्स कंपनीने गावामागच्या माउंट एमन्समधून मॉलिब्डेनम काढण्याची योजना जाहीर केली. हजारो कामगार, मोठी खाण आणि शेजारच्या दरीत गाळाचे तळे. जे गाव खाणीने जन्माला घातले होते त्याने खाण नाकारली. नगराध्यक्षांपासून हॉटेलवाल्यांपर्यंत लोक विरोधात उभे राहिले, आणि १९८१ मध्ये धातूचा भाव पडल्यावर कंपनीने योजना गुंडाळली. डोंगरातल्या वाटा हे आपले भांडवल आहे ही जाणीव या झगड्यात पक्की झाली. सायकलींचा संघ त्यानंतर दोनच वर्षांत स्थापन झाला, यात नवल नाही.

मात्र वाटा मिळवण्याच्या वेळी सायकलीला एक मोठी अडचण आली, ती कायद्याची. ३ सप्टेंबर १९६४ रोजी मंजूर झालेल्या वाइल्डरनेस कायद्याने काही जंगले आणि पर्वत मुद्दाम अस्पर्शित राखायचे ठरवले. तिथे मोटार नाहीच, आणि कोणतेही यांत्रिक वाहनही नाही. सायकल यांत्रिक वाहन आहे का, हा प्रश्न १९६४ मध्ये कोणाला पडला नव्हता, कारण तिथे सायकल जाईल असे कोणाच्या मनात आले नव्हते. १९८० च्या कोलोरॅडोच्या कायद्याने मरून बेल्स-स्नोमास हे क्षेत्र वाढवले, कलेजिएट पीक्स आणि रॅगेड्स ही नवी क्षेत्रे राखली, आणि १९८४ मध्ये वनखात्याने या सर्व क्षेत्रांत सायकलला स्पष्ट बंदी घातली. क्रेस्टेड ब्यूटहून अ‍ॅस्पेनला जाण्याची सर्वांत देखणी पाऊलवाट वेस्ट मरून खिंडीतून जाते, पण ती फक्त पायी चालणाऱ्यांची आणि घोडेस्वारांची. पर्ल पास त्या क्षेत्राच्या कडेला, पण बाहेर राहिला. कारण तिथे रस्ता होता. शंभर वर्षे आधी खेचरांसाठी काढलेल्या त्या खडबडीत रेघेनेच पुढे सायकलीला कायदेशीर जागा मिळवून दिली.

खिंडीभोवतीच्या बाकीच्या वाटांचीही कुळकथा पाहिली तर बहुतेक कुठल्या ना कुठल्या धंद्याच्या निघतात. काही खाणींकडे जाणाऱ्या खेचरवाटा, काही उन्हाळ्यात गुरे आणि मेंढरे वरच्या कुरणांकडे हाकताना पडलेल्या, काही रेल्वेच्या भरावाच्या. मार्शल खिंडीतून जाणारा तो जुना लोहमार्ग रूळ काढल्यावर रस्ता झाला, आणि मोनार्क खिंडीपासून धारेधारेने येणारी मोनार्क क्रेस्ट ही सायकलवाट आता तिथेच येऊन मिळते. क्रेस्टेड ब्यूटच्या उत्तरेची ४०१ क्रमांकाची वाट सर्वांत प्रसिद्ध. गॉथिक या चांदीच्या जुन्या वसाहतीतून रस्त्याने ३,२६३ मीटरांच्या स्कोफिल्ड खिंडीपर्यंत चढायचे आणि मग डोंगराच्या कुशीतून, कंबरेएवढ्या फुलांमधून गॉथिककडे उतरायचे. जुलैत तिथे निळी लुपिन, पिवळी सूर्यफुलाच्या जातीची फुले आणि जांभळी कोलंबाइन एकदम फुललेली असतात. १९९० मध्ये राज्याच्या विधिमंडळाने क्रेस्टेड ब्यूटला रानफुलांची राजधानी म्हणून गौरवले. गॉथिकमध्ये १९२८ पासून रॉकी माउंटन बायोलॉजिकल लॅबोरेटरी आहे. बर्फ कधी वितळते आणि फुले कधी उमलतात याच्या तिथल्या नोंदी सत्तरच्या दशकापासून सलग ठेवल्या गेल्या आहेत. ब्रश क्रीकच्या बाजूला टेओकाली, स्ट्रँड हिल, डिअर क्रीक अशा वाटा आहेत, आणि त्यांपैकी काहींवर गुरे आणि मोटारसायकलीही चालतात.

जुन्या वाटा मिळाल्या म्हणून त्या टिकतात असे नाही. खाणवाल्यांच्या वाटा सरळ चढत, कारण खेचराला अंतर वाचवायचे होते. अशा सरळ वाटेवर पावसाचे आणि बर्फाचे पाणी चाकोरी धरून वाहते आणि काही वर्षांत तिचा ओहोळ होतो. सायकलवाटा बांधणाऱ्यांनी यातून धडा घेतला. वाट डोंगराच्या कुशीला आडवी कोरायची, तिचा सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आसपास ठेवायचा, बाहेरच्या कडेकडे थोडा उतार द्यायचा म्हणजे पाणी वाटेवरून न धावता वाट ओलांडून जाते. आणि अधूनमधून चढ मोडून छोटासा खोलगट भाग ठेवायचा, म्हणजे जे पाणी चुकून वाटेला लागले तेही तिथे बाहेर पडते. हे काम कुदळ, फावडे आणि करवत यांनीच होते. क्रेस्टेड ब्यूटचा संघ दरवर्षी स्वयंसेवकांकडून ते करवून घेतो: वादळात पडलेली झाडे कापणे, खचलेल्या कडा बांधणे, दलदलीवर लाकडी साकव घालणे. जिथून शेतकऱ्यांच्या खासगी जमिनीतून जावे लागते तिथे परवानगी मिळवणे हे त्याहून नाजूक काम. फाटक उघडे राहिले की गुरे भरकटतात, आणि एका निष्काळजी स्वारामुळे सगळ्यांची वाट बंद होऊ शकते.

पर्ल पासचा मार्ग आज साधारण जुलैच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत खुला असतो. बर्फ जास्त पडलेल्या वर्षी खिंडीच्या उत्तर अंगाचा थर उन्हाळाभर टिकतो. गावातून दक्षिणेला निघून ब्रश क्रीकच्या दरीत वळले की पहिले काही किलोमीटर कुरणांतले, सपाट. मग ओढे लागतात. सकाळी ते गुडघ्याच्या खाली असतात, दुपारी वरचे बर्फ वितळल्यावर चढतात. अ‍ॅस्पेन वृक्षांची पांढऱ्या खोडांची राई, तिच्यावर स्प्रूस आणि फरचे गर्द जंगल, आणि साडेतीन हजार मीटरांच्या वर झाडे संपतात. खिंडीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे साठ टक्के असतो, त्यामुळे तब्येतीने दणकट स्वारही शेवटच्या चढाला उतरून सायकल ढकलतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी गडगडाटी पाऊस ठरलेला, आणि उघड्या धारेवर वीज जीवघेणी, म्हणून माथा दुपारच्या आत सोडायचा, हा नियम इथे सगळे पाळतात.

माथ्यावरून वायव्येला एल्क रांगेचे सर्वोच्च शिखर कॅसल पीक दिसते. उतार मोठमोठ्या सुट्या दगडांतून जातो. जीपसुद्धा इथे पायी चालण्याच्या वेगाने उतरते. कॅसल क्रीकच्या वरच्या अंगाला स्कीवाल्यांच्या लाकडी झोपड्या लागतात, मग माँटेझुमा खाणीचा रस्ता मिळतो आणि दरी रुंद होते. तिथे सुमारे २,९०० मीटरांवर अ‍ॅशक्रॉफ्ट आहे. दोन हजार वस्तीच्या त्या गावातल्या मोजक्या लाकडी इमारती उरल्या आहेत: पोस्ट, सलून, एक दुमजली हॉटेल. १९७५ मध्ये त्यांची नोंद ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत झाली आणि अ‍ॅस्पेनची इतिहास संस्था त्यांची देखभाल करते. गावाच्या टोकाला डांबरी सडक सुरू होते, आणि तिथून अ‍ॅस्पेनपर्यंतचे अठरा किलोमीटर पेडल न मारता उतरता येतात.